माहेरचं दुखणं

"हात सैल सोडा, बाई. सपनात हाय आसं समजा." असं म्हणत नेवाशाची आमची कासारीण डोळे मिटायची आणि बोटांनीच मनगट चाचपून बांगडीचं माप काढायची. तुम्हीही तिच्यापुढे बसला असता, तर पेंगला असता. दुपारच्या उन्हात बांगड्यांचे रंग भिंतीवर पसरायचे आणि बायका चक्क बोलायचं विसरायच्या.

तिच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा शेजारीण म्हणून मी नगरला सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला कॅन्सर?"

"न्हाई," ती ठामपणे म्हणाली.

परतीच्या एसटीत खिडकीशी डुलक्या घेता घेता पुटपुटली, "माजी आई बी अशीच गेली. मावशीच्या छातीत गाठ हुती."

माझी झोपच उडाली. "अहो, मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी घरातलं इचारलं. त्या तर खर्ड्याच्या, म्हायेरच्या!"

माहेर म्हणजे आपलं घर नव्हे, हे तिला कुणी इतकं पक्कं शिकवलं होतं कोण जाणे. पुढच्या खेपेला मी तिला सगळं सांगायला लावलं. रक्त तपासलं, तर आईकडून आलेला जनुकातला दोष सापडला. त्यामुळे तिला लागू पडतील अशा गोळ्या मिळाल्या. पण तोच दोष तिच्या लेकीतही निघाला. लेकीला आजार नव्हता. दरवर्षी तपासण्या मात्र हव्या होत्या. आणि तिचं लग्न राहात्याला ठरलेलं.

भावकी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हा."

"झाकल्या मुठीवर बांगडी चढत न्हाई," ती म्हणाली.

विहीणबाई बांगड्या भरायला आल्या. बांगडी मुठीवर अडकलेली असतानाच हिनं सगळं सांगून टाकलं. अशा वेळी बाई उठून जाऊ शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. विहीणबाईंनी ती अडकलेली बांगडी स्वतःच मनगटावर सरकवली. मग दुसरा हात पुढे करून म्हणाल्या, "तपासायला मी नेत जाईन तिला."

लेकीचं लग्न तिनं डोळे भरून पाहिलं. शेवटी शेवटी झोपेतही तिची बोटं हवेत बांगड्या चढवायची. मग मी माझा हात द्यायचे. फार जीव होता माझा तिच्यावर. एका सकाळी ती गेली.

परवा राहात्याहून लेकीचा फोन आला. "काकू, यंदाबी काय न्हाई निघालं!"

मी पदराला हात पुसत तशीच सांगायला धावले. तिच्या ओट्यावर चढले, आणि मग दाराचं कुलूप दिसलं.