परत धुवा

यमुनामावशींच्या खानावळीत ताट मिळण्याआधी हात दाखवावे लागत. अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचं कौलारू घर होतं. पडवीत दहा-बारा माणसं जेवायला बसत. आलेल्याने अंगणातल्या नळावर हात धुवायचे, आधी तळवे आणि मग नखं दारात उभ्या असलेल्या मावशींसमोर धरायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी या भागातून बातम्या पाठवू लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी दारात अडकलो. बोटांवर कार्बन पेपरची निळाई होती.

"ह्ये काय हाय?"

"शाई आहे मावशी. जात नाही."

"जात नाय तर जेवन पन नाय. परत धु."

मी परत धुतले. ताट मिळालं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. भाकरी कागदासारखी पातळ, कडेपर्यंत सारखी. ती मावशी स्वतः थापत. पिठाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. भांडी घासायला बाई होती. तिने घासलेली भांडी मावशी पुन्हा विसळत.

"शी" हा त्यांचा सर्वात जास्त वापरातला शब्द. हॉटेलातला चहा शी, दुसऱ्याच्या घरचा प्रसाद शी. लग्नाला त्या जात, अक्षता टाकत आणि जेवायला घरी येत. पालेगावच्या माहेरीही त्यांनी भावजयीच्या हातचं कधी खाल्लं नाही. त्यांच्या किळसेला परिसर भरपूर खाद्य पुरवत होता. घरामागून नाला वाहायचा. कारखान्यांचं पाणी सोडलं की त्याचा रंग बदलायचा, कधी तांबडा, कधी हिरवट. वर साबणासारखा फेस आणि कुजक्या अंड्यांचा वास. मागची खिडकी मावशींनी खिळे ठोकून बंद केली होती.

घरातली किळस मात्र बंद करता येत नव्हती. ती म्हणजे त्यांचे यजमान, गोमाकाका. कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. दिवसभर खाटेवर बसून तळहातावर तंबाखू मळायचे आणि बोटं लेंग्याला पुसायचे. खाटेखाली राख घातलेला पत्र्याचा डबा होता. त्यात ते थुंकायचे. दुपारच्या उकाड्यात डबा तापला की पडवीत पाठ करून बसलेल्या माणसालाही डबा कुठे आहे ते सांगता यायचं. मूलबाळ नव्हतं. काकांच्या हातचं पाणी मावशींनी कित्येक वर्षांत घेतलं नव्हतं.

"त्या बोटांचा पानी?" त्या सर्वांदेखत म्हणायच्या. "मरताना पन नको मना."

काका भिंतीकडे बघून तंबाखू मळत राहायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मावशींच्या हातातून वाट्या पडू लागल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. रात्री मुंग्यांनी जाग यायची. दिवसा त्या ओला हात निथळावा तसा हात झटकत राहायच्या. डाव्यालाही सुरुवात होती. भाकरी एका कडेला जाड राहू लागली. जाड भाकरी मावशी वाढत नसत, कुत्र्याला घालत. काही दिवसांनी कुत्र्याच्या वाट्याला जास्त आणि आमच्या वाट्याला कमी भाकऱ्या येऊ लागल्या. दोन-तीन मेंबरांनी दुसरीकडे डबा लावला.

कुणीतरी बदलापूरच्या पलीकडल्या एका हाडवैद्याचं नाव सांगितलं. काका आणि मी त्यांना घेऊन गेलो. वैद्याने मनगट दाबून पाहिलं, कसलासा पाला तोंडात टाकला, गुरासारखा रवंथ केला आणि तो हिरवा, फेसाळ लगदा तळहातावर काढला. मावशींच्या मनगटावर तो थापणार, तेवढ्यात त्यांनी हात मागे ओढला आणि अंगणात जाऊन ओकल्या.

"अहो बाई, थुंकीतच गुण असतो," वैद्य म्हणाला.

"गुन तुजे घरात ठेव!"

परतताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या. "हात गेला तरी चालंल, पन थुकी नको."

त्यानंतर उल्हासनगरच्या एका सर्जनकडे गेलो. सिंधी गृहस्थ, वयस्कर, हिंदीत मराठी मिसळून बोलणारे. त्यांनी मावशींना तपासण्याआधी बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. मावशी एकटक पाहत होत्या. चेहऱ्यावर प्रथमच पसंती दिसली. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा हात धुतले. पसंती गेली.

"आता कशाला धुतलास? माजे हाताला घान हाय?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी समजावलं. मनगटात एक अरुंद वाट असते, तिच्यातून जाणारी नस दबली आहे. वरचा पट्टा कापून वाट मोकळी करायची. त्यांनी मावशींचा अंगठा वर धरला. त्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. "ये देखो मावशी. मांस गया. और रुकोगी तो अंगूठा काम नहीं करेगा. पहले उजवा हात करू."

"उजवा बांदला तर जेवू कनच्या हातानं?"

"डाव्या."

"डावा धुवाचा हाय."

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागला. "तो पहले डावा करतो."

"मंग धुवू कनच्या हातानं? उजव्या? शी!"

"चम्मच से खाओ, मावशी."

"चमचा कोन धरील? त्योच डावा ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घर में कोई खिलाएगा नहीं?"

मावशींनी कोपऱ्यात बसलेल्या काकांकडे पाहिलं. त्यांच्या गालात तंबाखूची गोळी होती. काका खिडकीबाहेर पाहू लागले.

निर्णय व्हायला महिना लागला. कापण्याची भीती मावशींना नव्हती. त्यांना प्रश्न होता तो घासाचा. एका सकाळी पीठ मळताना अंगठा परातीत तसाच पडून राहिला, मिटेना. त्याच दिवशी खानावळ बंद केल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि काकांना म्हणाल्या, "उद्यापास्नं त्यो डबा घरात नको."

काकांनी डबा नाल्यात फेकला. नाल्यात त्याने काही फरक पडला नाही.

उजव्या हाताचं ऑपरेशन तेवढा हात बधिर करून झालं. मावशी त्याच दिवशी घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा काका नळावर होते. दारात, गळ्यात हात बांधून, मावशी. काकांनी साबण लावून हात धुतले आणि इतकी वर्षं आम्ही धरत होतो तसे त्यांच्यासमोर धरले. नखं मुळापर्यंत कापलेली होती, पण कडांचा पिवळेपणा तसाच होता.

"परत धुवा."

काका परत गेले.

"परत."

तिसऱ्यांदा त्या दारातून बाजूला झाल्या. आत, मावशींनी समोर उभं राहून काकांकडून शिजवून घेतलेली भात-आमटी निवली होती. काकांनी घास कालवला. मावशींनी डोळे मिटले, कडू औषध घेतात तसं तोंड उघडलं आणि न चावता गिळला. अंगावर शहारा आला तो मला दिसला. काकांनाही दिसला असणार. त्यांनी दुसरा घास कालवला. टाके निघेपर्यंत रोज दोन वेळा हे असंच चाललं. शहारा एकदाही चुकला नाही. त्या काळात काकांनी तंबाखूला हात लावला नाही. भरवताना थोडा भात मावशींच्या पदरावर सांडे. त्याबद्दलही त्या "शी" म्हणत.

पट्टी निघाली तेव्हा तळहात पांढरा, सुरकुतलेला होता. मेलेल्या कातडीचे पापुद्रे निघत होते, टाक्यांच्या जागी काळं रक्त सुकलं होतं आणि आंबूस वास येत होता. मावशींनी तोंड फिरवलं. "शी! कोनाचा हात ह्यो?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या नळावर गेल्या आणि हात धुऊन आल्या. दारात काका उभे होते. त्यांनी मावशींचा हात उलटसुलट करून पाहिला.

"परत धुवा," काका म्हणाले.

 मावशींनी नळावर जाऊन हात परत धुतला.

संध्याकाळी काकांच्या तळहातावर तंबाखू होती, खाटेखाली नवा डबा होता. मावशींनी काकांच्या हातचं पाणी पुन्हा बंद केलं. मुंग्या थांबल्या, अंगठ्याचं मांस भरून आलं नाही. डावा हात त्यांनी करून घेतला नाही. काही महिन्यांनी खानावळ पुन्हा सुरू झाली. भाकरी पूर्वीसारखी सारखी होत नसे. मावशी ती वाढत, पण वाढताना ताटाकडे बघत नसत.

दशक संपता संपता त्या काविळीने गेल्या. शेवटच्या सकाळी मी तिथे होतो. डोळे मिटलेले, श्वास ओढलेला. पालेगावची भावजय पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान घेऊन आली. काका खाटेवरून उठले, तिच्याकडे वाटी मागितली नाही. अंगणात नळावर गेले. साबणाने हात धुतले, येऊन मावशींच्या चेहऱ्यासमोर तळवे धरले, मग नखं.

"भावजी, घाई करा," भावजय म्हणाली.

काकांनी हात मागे घेतले. मग परत नळावर गेले, धुतले, आले, हात धरले. आणि परत गेले.

त्यानंतर त्यांनी वाटी घेतली आणि पानाने पाणी ओठांवर सोडलं. ते आत गेलं. बाहेर आलं नाही.