आलरकाठचे खलाशी

ओनो ट्याडेन अख्खं युद्धभर जर्मन आरमाराच्या, समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत राबला. पंचेचाळीसच्या वसंतात जहाजाला तेल मिळेना, तेव्हा सगळ्या खलाशांना धक्क्यावर उतरवलं, करडे कोट चढवले आणि पायदळ म्हणून आलर नदीकडे धाडलं. बंदूक शिकवायला विमानदळातला हवालदार आला. त्यालाही ती नीट उघडता येईना.

कप्तान मनाने अजून जहाजावरच होते. "रांगेची नाळ पुलाकडे करा!" ते ओरडले, की रांगेचं पुढचं टोक कोणतं हे न कळून निम्मे डावीकडे वळायचे, निम्मे उजवीकडे.

सकाळी हुकूम आला, पूल राखा. दुपारी आला, पूल उडवा. संध्याकाळी कळलं, तो आपला पूलच नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात समोरच्या बांधावर सावल्या हलल्या. कोणीतरी गोळी झाडली, मग सगळ्यांनीच. ओनोनेही दोनदा चाप ओढला. तेवढ्यात पलीकडून आपल्याच गावाकडच्या बोलीत शिवी आली.

"अरे मेल्यांनो, तुमच्या आयला! मी फोको! कालवण कोण करणार उद्या?"

फोको त्यांच्याच जहाजावरचा आचारी. त्याची तुकडी रात्री वाट चुकली होती. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं. ओनो धावला, पट्ट्याने मांडी आवळली.

"कोणाची लागली रे?" फोकोने विचारलं.

"ठाऊक नाही."

"तुझी नसेल. तुझा नेम कधी लागलाय?"

ओनोला हसू येईना.

कप्तान नकाशा फिरवत राहिले. दवाखाना कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ओनोने एका गोठ्यातली हातगाडी ओढून आणली, फोकोला तीत घातलं आणि रस्ता दिसेल तिकडे निघाला. हुकूम कोणी दिला नाही, अडवलंही नाही. दोन वळणांनंतर इंग्रजांचे रणगाडे दिसले. त्याने हात वर केले, तशी गाडी कलंडली आणि फोको खच्चून किंचाळला. इंग्रज शिपाई धावले ते फोकोला उचलायला. मग एकाने ओनोच्या हातात दूध घातलेला चहा दिला. आता आपण कैदी झालो की सुटलो, हे ओनोला उमगेना.

फोको वाचला, लंगडत का होईना. पुढे एम्डेनला दोघं शेजारी राहिले. गोळीबद्दल फोकोने पुन्हा कधी विचारलं नाही. ओनो मात्र त्याला जिना चढताना पाहिलं, की मान दुसरीकडे वळवायचा.