फोल्डरच्या नावातलं श्री

सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं ऑफिस मी सांभाळते. आमचे रिपोर्ट वर्डच्या फायलींत असतात आणि पेशंटची माहिती डेटाबेसमध्ये. पेशंटचं नाव निवडून बटण दाबलं की त्याचा रिपोर्ट उघडतो. त्या बटणामागचा मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मीच लिहिला. क्लास वगैरे लावला नाही. गरज होती, शिकले.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माळशिरसकडचा एक शेतकरी धापा टाकत काउंटरवर आला. बायकोला ऑपरेशनसाठी जवळच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. तिची गाठ पूर्वी आमच्याकडे तपासलेली, पण तो कागद घरात सापडला नव्हता.

"डॉक्टर म्हणत्यात, जुना रिपोर्ट बघितल्याबिगर टेबलावर घेत न्हाय. आज हुकलं तर पुन्हा कवा नंबर लागंल, काय म्हाईत."

नाव सापडलं. बटण दाबलं, तर फाइल सापडत नाही असा निरोप. दुसऱ्या एका जुन्या पेशंटचं नाव घेऊन पाहिलं, तेच. नवे रिपोर्ट मात्र उघडत होते. फोल्डरांची यादी खाली सरकवत गेले, तर अगदी शेवटी जुन्या रिपोर्टांचा फोल्डर दिसला. नावाआधी 'श्री' लागलं होतं आणि मॅक्रो जुनंच नाव शोधत होता.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा रिसेप्शनवरच्या मुलीने केली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"वहीवर श्री लिहितो की मॅडम आपण. इथं आता वही कुठंय? म्हणून फोल्डरवर लिहिलं."

"कीबोर्डमध्ये कुंकू सांडलंस तेवढं पुरे नव्हतं का?"

मी नाव पूर्ववत करायला घेतलं. शेतकरी काउंटरवरून वाकून बघत होता.

"ताई, श्री पुसताय व्हय?"

"पुसलं की लगेच उघडेल."

"नका. आजच्या दिशी तर नकाच."

"डॉक्टर खोळंबलेत ना तुमचे?"

"खोळंबू द्या की जरा."

"बघा मॅडम!" मुलगी म्हणाली. दोघांची युती झाली.

फोल्डरात शिरून हाताने फाइल उघडता आली असती. पण फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच बाईचा रिपोर्ट सर्जनच्या हातात. म्हणून हाताने काढायचा नाही, हा नियम मीच केलेला. वाद घालण्यापेक्षा कोड बदलणं लवकर झालं असतं.

मॅक्रोत नवं नाव लिहायला गेले, तर 'श्री'च्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. कोडच्या खिडकीत देवनागरी चालत नाही. मग फोल्डरचं नाव डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात लिहिलं, तिथं ते चालतं, आणि मॅक्रोला तिथून उचलायला लावलं. शेतकरी एकदा दाराकडे, एकदा माझ्या हाताकडे बघत होता. पुन्हा बटण दाबलं. रिपोर्ट उघडला. बाईचं नाव, वय, गाव त्याला विचारून ताडून पाहिलं आणि प्रिंट काढली.

"काय लिव्हलंय यात?"

"डॉक्टर वाचतील. पळा आता."

तो पळाला.

संध्याकाळी लॅबच्या फोनवर त्याचाच आवाज. ऑपरेशन झालं होतं. बायको शुद्धीवर आली होती आणि पाणी मागत होती.

"देऊ का, ताई?"

"अहो, तिथल्या सिस्टरला विचारा," म्हटलं आणि फोन ठेवला.