महादेवची मिशी

बायपॅप मशीन पुन्हा ओरडलं. लीक! मास्कच्या पट्ट्या मी आणखी आवळल्या, तरी महादेवच्या झुबकेदार मिशीतून हवा फुसफुसत बाहेर येतच होती.

बोर्ली पंचतनजवळचं घर. पंचेचाळिशीतल्या महादेवला स्नायू हळूहळू दुबळे करणारा आजार आहे. फुप्फुसं ठणठणीत, पण ती हलवणारे स्नायू थकलेले. आडवं झालं की श्वास अपुरा पडतो आणि कार्बन डायऑक्साइड आत साचतो. त्यामुळे तो तीन महिने खुर्चीतच झोपत होता आणि सकाळी डोकं धरून उठत होता. बायपॅप मास्कमधून प्रत्येक श्वासाला हवेचा जोर देतं. मी श्वसनाची फिजिओथेरपिस्ट. ते जमवून देणं हे माझं काम.

डॉक्टरांना फोन लावला.

"सर, मास्क बसत नाही. मिशी आडवी येतेय."

"मग काढा ना! असंच चाललं तर आयसीयूत येईल तो."

मी दाढीचं सामान मागितलं. महादेवची बायको दचकली. ओटीवरून त्याचे वडील, ऐंशीचे आबा, काठी टेकत आत आले.

"बाय, मी जित्ता हाय अजून. बाप गेल्यावर पोरगा मिशी काढतो. आधी न्हाय."

"ऱ्हाऊ दे, मॅडम," महादेव म्हणाला.

माझा पारा चढला. बापाचं मन मोडायला नको म्हणून हा माणूस जिवावर उदार झाला होता! पण चिडून मास्क बसणार नव्हता. मी आबांना बसवलं आणि शेजारी बसले.

"आबा, त्याला श्वास पुरत नाही. मशीन लागलं नाही, तर तो तुमच्याआधी जाईल."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग सुनेला म्हणाले, "पानी आन गो."

वस्तरा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "बापानंच काढली, तर अपशकुन कसला?"

मास्क चपखल बसला. मशीन गप्प झालं. अर्ध्या तासात महादेव भरदुपारी पलंगावर आडवा, गाढ झोपला. त्याची बायको रडली. मीही रडले, लपवत नाही.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. डोकेदुखी गेली होती आणि तो सकाळी आपल्या दुकानात पुन्हा बसायला लागला होता.

नुसत्या नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्कही मिळतो. मिशीवाल्यांना तो चालतो. त्या दिवशी तो माझ्या दवाखान्यातल्या कपाटात होता. आता बॅगेत असतो. आबांना हे अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.