आधी तिथलं सांग

तेलगावच्या दगडाबाईंचा एक नियम आहे. मुलाचा, रामेश्वरचा, ओमानहून फोन आला की त्याने आधी तिथली बातमी सांगायची, मगच गावची विचारायची. त्याच्याकडे बातमी नसली तर त्या म्हणतात, "मग आमच्याकडं बी काय न्हाई," आणि फोन सुनेच्या हातात देऊन मोकळ्या होतात.

तीन वर्षांपूर्वी रामेश्वर तिकडे खडीचा ट्रक चालवायला गेला. तेलगावात कोणाची म्हैस व्याली, कापसाला काय भाव फुटला, हे त्याला तिथे बसून ठाऊक. ज्या गावात राहतो तिथलं मात्र काडीचंही माहीत नसायचं.

"माय, पेपर अरबी, टीव्ही अरबी. म्या काय वाचू?"

"वाचायला कोण सांगतंय? च्यावाल्याला इचार. त्याला समदं ठावं असतं."

सुनेला, मोहिनीला, हसू यायचं. "आत्याबाई, तिथले कलेक्टर हायती का ते? कशाला पायजेत चौकशा?"

दगडाबाई हसायच्या नाहीत. नवऱ्यासोबत वीस हंगाम त्यांनी कर्नाटकात ऊस तोडला होता. पहिल्याच वर्षी टोळीच्या कोप्यांजवळच्या, पाचटाच्या झोपड्यांजवळच्या गावात कन्नडमध्ये दवंडी फिरली. हलगी वाजली तशा टोळीतल्या बाया म्हणाल्या, जत्रा असंल, आणि नटून बघायला गेल्या. दवंडी होती विहिरीत औषध टाकल्याची. दोन दिवस पाणी पिऊ नका म्हणून. गावाने ऐकलं आणि टोळीने घागरी भरल्या. सगळी टोळी आठ दिवस आडवी.

"त्यायनी तर वरडून सांगितलं व्हतं," दगडाबाई अजून म्हणतात. "आमीच कुणाला इचारलं न्हाई."

तेव्हापासून पाण्याला गेल्या की तिथल्या बायकांना त्या खाणाखुणा करून विचारायच्या, आज काय नवं?

गेल्या चैत्रात एका दुपारी मोहिनी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत धावत आली. रामेश्वरच्या भागात आभाळ फाटलं होतं. डोंगरातला कोरडा ओढा भरून आलेला आणि ट्रक काटक्यांसारखे वाहून चाललेले. रस्ता तोच, रामेश्वरने व्हिडिओ कॉलवर दाखवलेला. रोज सकाळी तो तिथूनच खाणीवर जायचा. फोन लावून लावून मोहिनी रडकुंडीला आली, लागतच नव्हता.

शेजारच्या छबुबाई म्हणाल्या, "बाई, नवस तरी बोल."

दगडाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. देवापुढे दिवा लावून बसल्या. नवस काही सुचेना. "वैजनाथा, लेकरू तुझं हाय," एवढंच तोंडातून निघालं. तेल सरत आलं की घालायच्या आणि पुन्हा बसायच्या.

दिवेलागणीला फोन वाजला.

"माय..."

"कुठं हायेस तू?"

"खोलीवर. लाइट गेलती, टावर बंद व्हता. आज ट्रक न्हेलाच न्हाई म्या."

"कावून?"

"सकाळी तुला फोन करायचा व्हता. सांगायला बातमी न्हाई, म्हणून च्यावाल्याकडं गेलतो. त्यो म्हणला, ओढ्याकडं फिरकू नका म्हणून सरकारनं कळवलंय, लई पाऊस हाय. म्या साहेबाला सांगितलं. आमी चौघांनी गाड्याच काढल्या न्हाईत." मग तो म्हणाला, "ही झाली हितली बातमी. आता तुझी सांग."

पदराने तोंड पुसत दगडाबाईंनी विचारलं, "त्या च्यावाल्याचं नाव काय?"

"नाव... कदी इचारलं न्हाई, माय."

"तीन वर्सं त्याचा च्या पेतोस अन् नाव ठावं न्हाई? उद्या इचारून सांग. सोमवारी परळीला जाऊन त्याच्या नावानं बेल वाहायचाय मला."

मोहिनीने फोनसाठी हात पुढे केला. दगडाबाईंनी तो दिला नाही.

"आन हे बघ," त्या म्हणाल्या, "आळीतल्या सुग्रीवच्या शेळीला तीन करडं झालीत. तिन्ही बी धडधाकट हायती."