उभ्या गाडीचे तास

ट्रकच्या पोटाखाली पाठीवर झोपून व्हर्लिन स्ट्राउडने अर्धं आयुष्य काढलं. ओक्लाहोमाच्या त्या सपाट, वाऱ्याने सोललेल्या पट्ट्यात साठ मैलांच्या टापूत गिअरबॉक्सला हात लावावा तर त्यानेच. बोलायला फटकळ. "गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा आणि लोक हसून सोडून द्यायचे.

डिसेंबरच्या सुरुवातीला नेल्डा लेडबेटर नवऱ्याचा ट्रक घेऊन त्याच्याकडे आली. दोन वर्षांचाच ट्रक. नवरा कॉय व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त, चाळीस मैलांवर पाइपलाइनमधला गॅस पुढे ढकलणाऱ्या कंप्रेसर स्टेशनवर कामाला, गावातून तिथे जाणारा एकटाच.

"कॉयला आज फ्लू झालाय, झोपलाय. म्हटलं, तेवढ्यात दाखवून आणते," नेल्डा म्हणाली. "एका गॅलनला एकोणीस मैल जायचा, आता कसाबसा अकरा जातो. आणि अंगणात लाल तेलाचे डाग पडतात. कॉयला दहादा सांगितलं, हलायलाच तयार नाही."

"तो ढिम्म आहे पहिल्यापासून," व्हर्लिन म्हणाला. "जा घरी. संध्याकाळी सोडतो आणून."

तेलाचं कोडं तासाभरात सुटलं. सगळा खालचा भाग त्याने धुऊन काढला, तेलात चमकणारा रंग घातला, गाडी फिरवून आणली आणि निळा दिवा मारला. गिअरबॉक्स ठणठणीत होता. तेल थंड करायला पुढे नेणारी नळी सांध्यात पाझरत होती. नळी बदलली, तेल भरलं.

मायलेजचं मात्र कुठे काही सापडेना. चाकांत हवा बरोबर, ब्रेक घासत नव्हते, हवेची जाळी स्वच्छ. कॉम्प्युटर जोडला तर एकही दोष नाही. शेवटी त्याने गाडीचे तास पाहिले. नव्या गाड्या इंजिन किती तास चाललं आणि त्यातले किती तास जागेवर उभं राहून चाललं, दोन्ही नोंदवतात. ऑक्टोबरात ऑइल बदललं तेव्हाचे आकडे त्याच्याच वहीत होते. तेव्हापासून दीडशे तास इंजिन नुसतं उभ्या उभ्या फुरफुरलं होतं. आणि कामावर रोज जाऊन-येऊन जेवढे मैल व्हायला हवेत, त्याच्या जेमतेम निम्मे झाले होते.

व्हर्लिनने ठरवलं, हे आधी कॉयलाच विचारायचं. मग त्याने कॉम्प्युटर काढला आणि नेल्डाला फोन करून सांगितलं, "नळी पाझरत होती, झालं काम. मायलेजचं थंडीमुळे होतं असं."

पुढच्या आठवड्यात दुपारचा तो, दिवसभर गाडी उभी केली तरी कोणाला दिसणार नाही अशी जागा म्हणून, गावाबाहेरच्या तळ्यावर गेला. उन्हाळ्यात लोक जिथे मांस भाजायला जमतात त्या मोकळ्या जागेत कॉयचा ट्रक उभा होता, इंजिन चालू. कॉय आत कामाच्या कपड्यांत, छातीवर कंपनीचं नाव, मांडीवर जेवणाचा डबा. व्हर्लिन दार उघडून शेजारी बसला.

"मासे पकडतोयस की काय?" तो म्हणाला.

कॉय हसला नाही. "नेल्डाने पाठवलं?"

"तुझ्या गाडीने चुगली केली."

कॉयने हीटर कमी केला. मग कॉय म्हणाला, "ऑक्टोबरात स्टेशनला टाळं लावलं. बावीस वर्षं, व्हर्लिन. अर्ध्या तासात गेटबाहेर, हातात चार महिन्यांचा पगार. त्या संध्याकाळी घरी गेलो तर तिने चिकन तळलेलं, तिच्या बहिणीकडची मंडळी आलेली. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या काही उजाडला नाही."

"आज सांग. मी येतो बरोबर."

"ख्रिसमस होऊ दे. जानेवारी लागला की सांगतो. तू तोंड उघडू नकोस. शब्द दे."

व्हर्लिनने शब्द दिला. आपण दोस्ताची लाज राखतोय, असं त्याला मनापासून वाटलं. जानेवारी लागला. रविवारी चर्चमध्ये कॉयने दोनदा नजर चुकवली, आणि व्हर्लिननेही विचारायचं टाळलं.

जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी दहाला बर्फ सुरू झालं आणि बाराला रस्त्यापलीकडचं दुकान दिसेना. तीनच्या सुमाराला सुटे भाग पोचवणारा माणूस अंग झाडत आत आला. म्हणाला, "कॉय लेडबेटर बेपत्ता आहे. बायकोचा फोन उचलत नाही. शेरीफची माणसं पश्चिमेला कंप्रेसरच्या रस्त्यावर गेलीत शोधायला."

व्हर्लिनने पाना खाली ठेवला. एव्हाना सांगितलं असेल त्याने घरी. नसेल तर? शब्द मोडून तोंड उघडलं आणि कॉय कुठेतरी कॉफी पीत बसलेला निघाला, तर गावात त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. या उलघालीत वीस मिनिटं गेली. मग त्याने शेरीफला फोन केला, "तळ्यावर बघा," आणि स्वतःच गाडी काढली.

तो आधी पोचला. वाऱ्याने बर्फ ट्रकच्या मागच्या बाजूला फळीपर्यंत रचून ठेवलं होतं. धुराचा पाइप त्यात पार गाडला गेला होता. इंजिन चालू होतं. कॉय खिडकीला डोकं टेकून बसला होता, गाल गुलाबी, झोप लागल्यासारखा. व्हर्लिनने त्याला ओढून बाहेर बर्फात काढलं आणि शेरीफची माणसं येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिला.

डॉक्टर म्हणाले, विषारी धूर आत साठला, त्याला कळलंही नसेल. वीस मिनिटांनी फरक पडला असता का, हे त्यांना सांगता येईना.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी व्हर्लिन नेल्डाकडे गेला. लोकांनी आणलेली जेवणाची भांडी ती धुऊन ठेवत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडे, तळं, शब्द, वीस मिनिटं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "दीड महिना."

"हो."

"मी रोज त्याचा डबा भरत होते रे. रोज विचारायचे, काम कसं चाललंय. तो म्हणायचा, ठीक." तिने हात पुसले. "मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हा दोघांना? घराबाहेर काढलं असतं त्याला?"

तिने आवाज चढवला नाही की ती रडली नाही. दार उघडून धरलं, तो बाहेर पडेपर्यंत.

ट्रक तिने विकला आणि वसंतात ती बहिणीच्या गावी राहायला गेली. व्हर्लिनचं गॅरेज चालूच आहे. गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखं तो बोलत नाही. काम सांगा म्हणतो आणि गाडीखाली शिरतो.