बाईंच्या कासवाचे पंधरा दिवस

दुष्काळाच्या त्या वर्षी, ऐन मे महिन्यात, बाई पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या आणि त्यांचं कासव माझ्यावर सोपवून गेल्या. बाई म्हणजे नळदुर्गच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या. माझे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मी बाईंच्या घरी, पुढच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर अभ्यास करून बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. बाईंसाठी मला आजवर काहीच करता आलं नव्हतं. म्हणून किल्ली हातात घेतानाच ठरवलं, कासवाला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही.

कासव भाकरीएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. चारच दिवसांपूर्वी हैदराबादकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं ते बाईंना आणून दिलं होतं. "सावली, पाला आणि बशीत पाणी. एवढंच बघ," असं सांगून बाई एसटीत बसल्या.

तिसऱ्या दिवसापासून ते खाईना. पत्र्याखालची सावलीही तापायची. डोकं आत ओढून ते दगडासारखं पडून राहायचं. शेजारच्या मावशी भिंतीवरून डोकावल्या.

"अगं, पाण्याचं जनावर ते! आमच्या हिरीत दोन सोडलेत, पाणी निर्मळ ऱ्हावं म्हणून. आन् तू ह्याला भुईवर भाजायलीस व्हय?"

"पण मावशी, बाई म्हणाल्या बशीत..."

"बशीत काय व्हतंय! बी.ए. झालीस, एवढं कळंना का तुला?"

मलाही ते पटलं. आमच्याकडं प्रत्येक विहिरीत कासव असायचंच. जमिनीवर राहणारं कासव मी याआधी पाहिलंच नव्हतं. टँकर दिवसाआड यायचा. माझ्या अंघोळीचं पाणी मी घमेल्यात ओतलं, वर दोन तांबे आणखी घातले आणि कासव अलगद आत सोडलं. आपण मोठा त्याग करतोय असं वाटत होतं.

ते पोहलं नाही. सरळ तळाशी गेलं. जाड पाय वेडेवाकडे हलले आणि नाकातून बुडबुडे आले.

मावशी ओरडल्या, "काढ, काढ! बुडालं की गं!"

मी ते उचललं, डोकं खाली करून धरलं. तोंडातून पाणी ठिबकलं. बराच वेळ काहीच हलेना. मग एक पाय हलला. मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "मला वाटलं, समदी कासवं एकच," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कुणाचं ऐकायचं सोडलं आणि कासवाकडंच बघायला लागले. जरा तरतरी आल्यावर ते अंगणभर फिरून रांजणाच्या तिवईखाली जाऊन बसलं. रांजण पाझरायचा, तिथली माती ओली असायची. मग मी ती माती खुरप्यानं भुसभुशीत केली, वर ओलं गोणपाट टांगलं. भांडी विसळलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ त्यावर शिंपडायचे. उरला पाला. गावात हिरवं पान नव्हतं. टँकरच्या नळीतून जिथं थेंब गळायचे तिथं मात्र घोळीची रानभाजी उगवली होती. बायका घागरी घेऊन रांगेत आणि मी वाकून घोळ खुडतेय.

"आता भाजी पण टँकरची का?" एकीनं टोमणा मारला.

"कासवाला लागती," म्हटल्यावर सगळ्या हसल्या. टँकर नसला तरी मी रोज गेले. नवव्या दिवशी त्यानं मान लांब करून एक पान ओढलं. मावशींना भिंतीवरून हाक मारली. त्याही बघायला आल्या.

पंधराव्या दिवशी बाई आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवण्याआधीच मी घमेल्याची गोष्ट सांगून टाकली. न सांगता निभावलं असतं, पण त्यांच्या टेबलाशी पुन्हा बसायचं धाडस झालं नसतं.

बाई तिवईखाली वाकल्या. कासव घोळ खात होतं. बाईंनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

मग हळूच म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी त्याला हौदात सोडलं होतं. असंच बुडालं."

"मग बाई, मला सांगितलं का नाही?"

"लाज वाटली गं. विज्ञान शिकवते ना मी."

दिवाळीच्या सुट्टीत त्या पुन्हा बहिणीकडे निघाल्या. किल्ली माझ्याकडंच दिली. रांजणामागच्या भिंतीवर त्यांनी खडूनं, फळ्यावरच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पाण्यात सोडू नये. त्याखाली मी आठवणीनं घोळीचं नाव लिहिलं.